वीतभर आत गेलेला चेंडू

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १० ऑगस्ट २०२५

ती. स्व. अक्कास,
बाळूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. फोनवर मी काय बोललो त्यातलं एक अक्षर तुला ऐकू आलं नाही म्हणतेस, ते बरंच झालं. मी तुझ्या कानाच्या मशीनबद्दलच बोलत होतो. अमृतनं एवढ्या हौसेनं आईसाठी आणलेलं मशीन तू डब्यात घालून ठेवायचं आणि मग भावाला सांगायचं, पत्र लिही. लिहितो. पत्राचा एक फायदा असतो, मधेच कुणी ‘पुरे झालं तुमचं फुटबॉल’ म्हणत नाही. इथं तुझी वहिनी रोज म्हणते.

डॉक्टरांनी जागरण बंद केल्यापासून मी परदेशातले सामने सकाळी बघतो. निकाल आधी कळू नये म्हणून मोबाईल पिठाच्या डब्याशेजारी पालथा ठेवतो. पण सामन्यांत आता मजा राहिली नाही गं. पूर्वी गोल झाला की माणूस ओरडायचा. आता आधी पंचाच्या कानाकडं बघतो. पंचाचं बोट कानातल्या यंत्रावर गेलं की घशातला आवाज घशातच. मग आतल्या खोलीत बसलेले चारजण पडद्यावर रेघा मारतात आणि पाच मिनिटांनी कळतं, की पुढच्या खेळाडूची बगल ऑफसाइड होती. बगल! माझं मत तुला ठाऊक आहे. कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी छत्तीस वर्षं जिल्ह्यातले सामने शिट्टीवर चालवले. पंच चुकतो, लोक शिव्या घालतात, दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र चहा पितात. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडचा चेंडू जर्मनीच्या गोलात चांगला आत पडला आणि पंचाला दिसला नाही. सारं जग बोंबललं, पुढं गोलरेषेवर यंत्रं बसली. मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो, एका चुकीपायी एवढा धिंगाणा कशाला?

पुढच्या वर्षी विश्वचषकात अठ्ठेचाळीस संघ आहेत. अठ्ठेचाळीसांत आपण नाही. आपल्या देशातली लीग यंदा होणार की नाही, याचाच पत्ता नाही. मात्र जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात हरवलं, ते पेपरात बोटभर जागेत आलं होतं. मी कापून भार्गवीला दिलं, तिनं कपाटाच्या दाराला चिकटवलं.

तुझी नात भार्गवी आमच्याकडं मजेत आहे. शाळेच्या संघात गोलकीपर म्हणून निवड झाली. पोरीचे हात तव्याएवढे आहेत. ती इथं अंडी खाते का, हे मला विचारू नकोस, मी खोटं बोलत नाही.

भाऊजींना नमस्कार. शिव्या दे, पण पत्रातून दे.

तुझा
बाळू


अक्कलकोट
दि. १७ ऑगस्ट २०२५

चि. बाळू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ यांच्याशी तुझं काय वैर आहे, ते छत्तीस वर्षं शिक्षिका असूनही मला उलगडलं नाही. पुढच्या वेळी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवीन.

कानातलं मशीन घातलं की भांड्यांचा आवाज गडगडाटासारखा येतो आणि माणसांचा येतच नाही. असल्या यंत्रापेक्षा बहिरी बरी. तुझ्या त्या व्हिडिओ पंचाबद्दल मला काही कळत नाही. पण इथं रोज सकाळी आमच्या व्हॉट्सॲप गटावर देवांचे हलणारे, बोलणारे व्हिडिओ येतात. देव डोळे मिचकावतात. शेजारच्या सावित्रम्मांनी परवा मोबाईलला हात जोडले. मी म्हटलं, अहो, हे कॉम्प्युटरनं केलंय. त्यांना राग आला, दोन दिवस कन्नडमधून माझ्याशी बोलतच नाहीत, मराठीतून तर नाहीच.

भार्गवीचं दहावीचं वर्ष आहे, हे तुम्ही दोघं विसरू नका. अमृत म्हणतो, संघ जिल्ह्यातून पुढं गेला, राज्यापर्यंत पोचला, तर मार्कांत फायदा होतो. तसं असेल तर खेळू दे. अंड्यांचं मला कळलं. मी काही वाचलं नाही असं समज.

एक मात्र सांगते. तिच्या सामन्यात तू पंच म्हणून उभा राहू नकोस. तू नीटच वागशील, पण लोकांना बोलायला काय लागतं?

वहिनीला आशीर्वाद. माझी माया आहेच, ती काही सांगायला नको.

सरोजिनी


सोलापूर
दि. ११ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पेढे वाट! भार्गवीची शाळा जिल्ह्यात पहिली. आता पुण्याला विभागाच्या स्पर्धेला जायचं. काल अंतिम सामना झाला, एक-शून्य.

आता रागावू नकोस. पंच मीच होतो. नेमलेल्या पंचांची गाडी सकाळी पावसात घसरली, पायाला प्लास्टर. दुसरे दोघे भलत्याच मैदानावर, बाजूला झेंडे घेऊन दोन शिक्षक उभे केले. समोरचा संघ माळशिरस तालुक्यातला, वेळापूरकडचा. पहाटेच्या एसटीनं आलेल्या मुली डबे घेऊन झाडाखाली बसलेल्या. त्यांना परत पाठवणार कसं? मी त्यांच्या बिभीषण सरांना स्पष्ट सांगितलं, की गोलात उभी आहे ती माझ्या बहिणीची नात. ते म्हणाले, जेऊरकर सर, तुमच्याएवढा जुना माणूस शिट्टी वाजवतोय म्हटल्यावर आमाला काय बी शंका न्हाय. मग उभा राहिलो.

मैदान म्हणजे नुसता राडा. फक्कीच्या रेषा पहिल्या अर्ध्या तासातच वाहून गेल्या. खेडेगावच्या त्या मुली काय पळतात, अक्का! त्यांची नऊ नंबरची, काटकुळी, चिखलातून हरणासारखी जाते. दुसऱ्या अर्धात तिनं लांबून चेंडू मारला, तो आडव्या दांडीच्या खालच्या बाजूला आपटून खाली आला आणि भार्गवीनं झडप घालून तो पोटाशी धरला. त्या ‘गोल, गोल’ ओरडल्या. मी हात हलवून खेळ चालू ठेवला. ती नऊ नंबरची माझ्याजवळ आली, शांतपणे म्हणाली, की सर, आत गेलता. मी तिला सांगितलं, की इथं पंच मी आहे. ती पळत जागेवर गेली. पोरीत शिस्त आहे.

शेवटच्या मिनिटाला आपला गोल झाला. सगळ्या मुलींनी भार्गवीला खांद्यावर घेतलं. ती मात्र दमली होती, घरी आल्यावर जेवलीसुद्धा नाही.

आज मला जग छान वाटतंय. चहाच्या टपरीवरचा तो पैसे मिळाले म्हणून ओरडणारा डबासुद्धा गोड वाटला.

तुझा
बाळू


सोलापूर
दि. १५ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीनं वाच.

काल दुपारी भार्गवीची मैत्रीण वैष्णवी घरी आली होती. सामन्याच्या वेळी ती गोलाच्या मागं उभी राहून मोबाईलवर चित्रण करत होती. त्यातून तिनं मैत्रिणीचं कौतुक म्हणून एक रील बनवलंय, वर गाणं घालून. मोठ्या हौसेनं मला दाखवायला बसली. म्हणाली, आजोबा, हा बघा भार्गवीनं अडवलेला, मी स्लो करून टाकलाय.

अक्का, चेंडू दांडीला लागून खाली पडतो तो रेषेच्या आत. फक्कीचा पांढरा पट्टा तेवढ्या जागी उरलेला स्वच्छ दिसतो. चेंडू त्याच्या पलीकडं, जाळीच्या बाजूला. चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये ओला चिखल दिसतो. वीतभर. मग भार्गवीचे हात येतात आणि चेंडू बाहेर ओढतात.

मी वैष्णवीला म्हटलं, थांबव. परत लाव. तिनं सहा वेळा लावलं. तिला खेळाचा नियम ठाऊक नाही, ती प्रत्येक वेळी म्हणत होती, कसला भारी अडवलाय ना.  भार्गवी पाणी आणायला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मी लांब होतो. गुडघ्यांमुळे मला पळता आलं नाही, हे खरं आहे. रेषा पुसल्या होत्या, हेही खरं आहे. पण ‘दिसलं नाही’ आणि ‘गोल नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दिसलं नव्हतं, तरी मी एका क्षणात नाही म्हणालो. इतका झटकन का म्हणालो? गोलात दुसरी कुणी मुलगी असती तर मी निदान बाजूच्या पंचाकडं बघितलं असतं का? काल दुपारपासून स्वतःला हेच विचारतोय. 

तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही.

स्पर्धेच्या समितीला लेखी कळवायचं ठरवलंय. पण आधी तुला सांगावंसं वाटलं, कारण पोर तुझी आहे.

बाळू


अक्कलकोट
दि. १९ सप्टेंबर २०२५

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी देवघरात जाऊन बसले. यांना काही सांगितलं नाही.

बाळू, जरा थंड डोक्यानं विचार कर. तो व्हिडिओ खरा कशावरून? आजकाल काय वाटेल ते बनवतात. देवाला डोळे मिचकावायला लावतात, तर चेंडू वीतभर सरकवणं किती अवघड? आणि समजा खरा असला, तरी तू काय मुद्दाम केलंस? पावसात, चिखलात, या वयात तू उभा राहिलास, ते त्या मुलींची फेरी वाया जाऊ नये म्हणूनच ना? तूच लिहितोस, पंच चुकतो, लोक शिव्या घालतात, मग एकत्र चहा पितात. मग आता हे काय काढलंस?

तू कळवलंस तर उद्या सगळीकडं हेच होईल, की पंचानं नातीसाठी गोल खाल्ला. कुणी तुझी छत्तीस वर्षं मोजणार नाही. आणि भार्गवी? तिनं काय केलंय? पोर जीव तोडून खेळली. बिचारीला त्या गडबडीत काय कळणार, चेंडू कुठं होता ते! तिच्या आनंदावर पाणी कशाला ओततोस? तिला यातलं एक अक्षरही सांगू नकोस.

मी आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि आज तुला गप्प बस म्हणून लिहितेय.  तरी लिहिते. गप्प बस.

सरोजिनी


सोलापूर
दि. २२ सप्टेंबर २०२५

ती. आजीस,
भार्गवीचा सा. नमस्कार.

आजी, आजोबांना लिहिलेलं तुझं पत्र मी वाचलं. ते टेबलावर चष्म्याखाली होतं. दुसऱ्यांचं पत्र वाचू नये, हे तूच शिकवलंयस, पण मला त्याहून मोठ्या गोष्टीचं सॉरी म्हणायचंय.

तू लिहिलंस, बिचारीला काय कळणार. आजी, मला कळलं होतं.

चेंडू दांडीला लागला तेव्हा मी मागं वळले. तो आत पडलेला मी बघितला. माझे गुडघे रेषेवर होते आणि चेंडू माझ्या गुडघ्यांच्या मागं होता. मी हात मागं नेऊन तो ओढला. मुद्दाम नाही, हात आपोआप गेले. मग मी आजोबांकडं बघितलं. मला वाटलं, ते आता शिट्टी वाजवतील. त्यांनी हात हलवला, खेळा म्हणून.  मग ती नऊ नंबरची ऋतुजा त्यांच्याकडं गेली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. दहा सेकंद होते. मी चेंडू लांब मारला.

त्यानंतर सगळ्यांनी मला उचललं, हेडमास्तरांनी नाव घेतलं, आणि मग ते बोलणं रोज आणखी अवघड होत गेलं. मी आजोबांच्या शेजारी बसून रोज जेवते. ते हसून सगळ्यांना सांगायचे, आमच्या भार्गवीनं काय झडप घातली. वैष्णवीचा व्हिडिओ बघितल्यापासून ते बंद झालं. सकाळचा सामनासुद्धा लावत नाहीत. ते स्वतःला दोष देतायत आणि मी गप्प. तुझं पत्र वाचल्यावर काल त्यांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की मी निदान लांब होतो गं.

आजी, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तू माझ्यावर रागव, पण बोलणं सोडू नकोस.

भार्गवी


अक्कलकोट
दि. २६ सप्टेंबर २०२५

चि. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले.  तुझ्या बाबांनाही दाखवलं.

मला धक्का तुझाही बसला आणि माझाही. तू दहा सेकंद गप्प बसलीस. मी वहीचं पान घेऊन, शाई भरून, शांतपणे बसून आजोबांना गप्प बस म्हणून लिहिलं. तेव्हा मी तुझ्यावर काय रागावू?

ते ‘गप्प बस’ मी मागं घेते. आजोबांना सांग, समितीला लिहा. पण समितीला लिहून भागणार नाही. त्या ऋतुजाकडं तुम्ही दोघं जा. पत्रानं नाही, प्रत्यक्ष जा. काय बोलायचं ते मला विचारू नकोस.

तुझी
आजी


सोलापूर
दि. ८ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सीनेला पूर आल्यानं पंढरपूरकडच्या गाड्या बंद होत्या. पाणी ओसरल्यावर, परवा जाऊन आलो.

आधी समितीचं सांगतो. मी सगळं लेखी दिलं, व्हिडिओही दिला. त्यांचं म्हणणं, सामन्यातला पंचाचा निर्णय अंतिम, हरकत घ्यायची मुदत त्याच दिवशी संपली, निकाल बदलता येत नाही. नियम तसाच आहे, मीच तो नवीन पंचांना शिकवायचो. पंचांच्या यादीतून माझं नाव काढा, हेही मीच लिहून दिलं. भार्गवीनं तिच्या सरांना सांगितलं, मला संघात घेऊ नका. ते म्हणाले, बाकीच्या मुलींचा काय दोष, तुला यावंच लागेल. आता त्या मुली तिच्याशी बोलत नाहीत. लोकांचं तू म्हणालीस तसंच झालं. टपरीवर मी गेलो की बोलणं थांबतं.

पंढरपूरला गाडी बदलून वेळापूरला उतरलो. बिभीषण सर मोटारसायकल आणि आणखी एक गाडी घेऊन आले. तिथून चार मैलांवर ऋतुजाची वस्ती. वडिलांचं नाव श्रीमंत, आईचं केराबाई. मेंढरं आहेत, थोडी जमीन आहे. पोरगी दाराशी उभी होती. तिनं मला ओळखलं.

केराबाईंनी चहा ठेवला. त्यांना वाटलं, शाळेतर्फे कुणीतरी आलंय. मी श्रीमंतना सांगितलं, की सामन्यात पंच मी होतो, तुमच्या मुलीचा गोल खरा होता आणि मी तो दिला नाही. त्यांना आधी कळेचना. मग मोबाईल दाखवला. त्यांनी चार वेळा बघितलं. नंतर मोबाईल खाली ठेवला.

तेव्हा केराबाईंकडून जे कळलं, ते ऐकून मी हादरलो. सामन्याच्या दिवशी ऋतुजा घरी येऊन म्हणाली, की गोल झालता, पंचांनी दिला न्हाय. श्रीमंतनी चार माणसांत तिला झापलं, की हरलीस तर हरलीस म्हण, दुसऱ्यावर खोटं ढकलू नगंस. तिनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्या दिवसापासून पोरगी वडिलांशी एक शब्द बोललेली नाही आणि मैदानावरही गेलेली नाही. अक्का, मी तिथं एक हात हलवला आणि इकडं एका घरात बाप-लेकीचं बोलणं बंद झालं. छत्तीस वर्षांत मी कितीदा असा हात हलवला असेल? सामना संपल्यावर कोण कुठल्या घरी काय घेऊन जातं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. चूक हा खेळाचा भाग असतो, असं मी किती सहज म्हणत आलो.

श्रीमंत उठले. लेकीसमोर उभे राहून म्हणाले, की माजं चुकलं, ऋतू. एवढंच. ती तरातरा चालत वाड्याकडं, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाकडं गेली. भार्गवी तिच्यामागं गेली. दोघींचं काय बोलणं झालं ते कुणाला ठाऊक नाही. थोड्या वेळानं भार्गवी परत आली ती कोपरापर्यंत लेंड्यांनी आणि चिखलानं माखलेली. म्हणाली, पाय घसरला. केराबाईंनी तिला न्हाणीत नेऊन हातपाय धुवायला लावले, आपली ओढणीसारखी मऊ झालेली साडी नेसवली आणि तशीच गाडीवर बसवून परत पाठवली.  

तू जा म्हणालीस म्हणून गेलो. तुझा हात असाच आमच्या पाठीवर राहू दे.

बाळू


वस्ती, वेळापूरजवळ, ता. माळशिरस
दि. १६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय जेऊरकर सर यांस,
ऋतुजाचा सा. न. वि. वि.

सर, पत्र कसं लिहायचं ते बिभीषण सरांनी सांगितलं, पण आतलं मी माझ्या मनानं लिहितेय. चुकलं तर माफ करा.

तुमी गेल्यावर दोन दिवस मला लई राग येत होता. चेंडू आत गेलता हे मला माहीतच होतं, त्यात मला नवीन काय बी न्हवतं. मला नवल वाटलं ते तुमी आलात त्याचं. एवढी मोठी माणसं चूक सांगायला आमच्या वस्तीवर येतात, हे कुणी बघितलेलं न्हाय.

भार्गवी पाय घसरून पडली न्हाय. ती म्हणाली, की मला त्याच वेळी दिसलं होतं आणि मी गप्प बसले. ते ऐकून मी तिला जोरात ढकललं. ती शेणाचिखलात पडली. उठली आणि तिनं कुणाला सांगितलं न्हाय. आईला मी काल सांगितलं, आई मला लई बोलली. भार्गवीला मी अजून माफ केलेलं न्हाय. पण तिची ओली कापडं आईनं धुऊन ठेवलीत. ती न्यायला तिनं स्वतः यावं, असं तिला सांगा.

दादा, म्हणजे माझे वडील, आता बोलतात. मीबी बोलते. सोमवारपासून पळायला जाते.

सर, एक काम हाय. दादांनी तो व्हिडिओ गावात सगळ्यांना दाखवला. कोंडीबा काका आणि अजून दोघंतिघं म्हणाले, हे एआयनं बनवलेलं असतंय, आता कशाचंबी बनवता येतंय. दादा लई भांडले. मी म्हणलं, भांडू नका. निकाल बदलत न्हाय हे तुमी सांगितलं, तो राहू द्या, ट्रॉफीबी भार्गवीच्या शाळेत राहू द्या. पण गोल माझा हाय. तुमी पंच हाय. तुमी तेवढं एका कागदावर लिहून, खाली सही करून पाठवाल का? माणसाच्या हातचं लिहिलेलं लोक मानतात.

आई आणि दादांचा नमस्कार. तुमी परत आला तर ज्वारीची भाकरी आणि मटण करीन म्हणते आई. तुमी खात नसाल तर पिठलं.

तुमची,
ऋतुजा


सोलापूर
दि. २३ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतुजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग माझ्या अक्काला वाचायला पाठवलं. ती शिक्षिका होती, कुणाच्याही पत्रात लाल शाईनं चुका काढते. तुझं तिनं तसंच परत पाठवलं.

भार्गवीचा संघ पुण्याला पहिल्याच सामन्यात हरला. रविवारी ती कपडे न्यायला येते आहे. एकटी येईल. तिला काय बोलायचं ते तू ठरव. मी पिठलं खातो.

तू मागितलेला कागद सोबत आहे. हा माझ्या आयुष्यातला शेवटचा निर्णय. छत्तीस वर्षांत एवढा वेळ मी कुठल्याच निर्णयाला घेतला नव्हता.

तुझ्या आई-वडिलांना नमस्कार सांग.

बाळकृष्ण जेऊरकर


(सोबतचा कागद)

मी, बाळकृष्ण जेऊरकर, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, स्वतःच्या हातानं लिहून देतो, की दि. १० सप्टेंबर २०२५ रोजी सोलापुरात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या अंतिम सामन्यात मी पंच होतो. दुसऱ्या अर्धाच्या अठराव्या मिनिटाला माळशिरस तालुक्याच्या संघातली नऊ नंबरची खेळाडू कु. ऋतुजा श्रीमंत वाघमोडे हिनं मारलेला चेंडू पूर्णपणे गोलरेषेच्या आत पडला. तो गोल होता.

मी लांब होतो. मला दिसलं नव्हतं, तरी मी नाही म्हणालो.

तिनं त्याच वेळी माझ्यासमोर येऊन मला खरं सांगितलं होतं.

(सही)
बाळकृष्ण जेऊरकर
पंच